कोलकात्याहून जाता जाता

कोलकाता आणि दिब्रुगड ही दोन शहरं एकमेकांपासून फक्त दोन नखं लांब आहेत. हे मी ऐकीव सांगत नाही. मी आणि आमच्या ह्यांनी स्वयंपाकघरातल्या फळीवर स्वतः मोजून काढलंय.

आता पुण्याजवळच्या कासार आंबोलीच्या बाईला दिब्रुगडाशी काय करायचंय, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, मीही तेच म्हणत होते. पण आमच्या जावईबापूंची बदली तिकडं आसामात झाली. चहाच्या कारखान्यांत यंत्रं बसवायचं त्यांचं काम. (चहासाठी माणूस एवढ्या लांब जातो हे मला नवीनच होतं. आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात जातो.) त्यांच्यामागोमाग आमची धाकटी लेक शुभांगी गेली, आणि तिकडंच तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे कुणी सांगायला नको. पण तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रवास अजिबात नको. बरं, मी जावं तर नेमकं माझ्या डोळ्याचं ऑपरेशन! मोतीबिंदू. काळा चष्मा लावायचा, थेंब घालायचे, वाकायचं नाही, उचलायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही. म्हणजे बाईमाणसानं श्वास तेवढा घ्यायचा!

अशात नात झाली. मी फोनच्या काचेवर तिचं नाक बघत बसले, तेही एका डोळ्यानं.

सगळं छान चाललं होतं, आणि एक दिवस शुभी फोनवर रडायलाच लागली. "आई, तोंडाला चवच नाही गं. काही घशाखाली उतरत नाही. तुझ्या हातची पेज पाहिजे."

झालं! त्या दिवसापासून माझ्याही घशाखाली काही उतरेना. पेज म्हणजे कसलीही नव्हे हो. आमच्या खाचरातला आंबेमोहर, हातानं निवडलेला, मऊ शिजवून घोटलेला, वर तुपाची धार. शिजताना वास शेजारच्या आळीत जातो. पोरगी ह्या वासावर वाढलेली. मी ठरवलं, बारशाच्या आत डबा तिच्या दारात पोचलाच पाहिजे.

आमच्या वरच्या मजल्यावर संकेत आणि पूजा राहतात, लातूरकडचं जोडपं. दोघंही कॉम्प्युटरवाले. भाडेकरू म्हणायचं आपलं, पण आहेत घरच्यासारखे. माझ्या डोळ्यात थेंब पूजाच घालायची. ती म्हणाली, "काकू, कुरिअर करून टाकू ना."

"बाळंतिणीचा डबा कुरिअरनं धाडत न्हाईत गं!"

"का?"

"अगं, डबा कुणाच्या तरी हाती द्यायचा. त्यानं तिच्या दारात जायचं, घोटभर पाणी प्यायचं, तिचं तोंड बघायचं आन् माघारी येऊन मला सांगायचं, वाळलीया का भरलीया. कुरिअरवाला सांगंल का हे? तो निस्ती सही घेतो."

पूजा हसली, आणि हसता हसता बोलून गेली, "संकेत पुढच्या आठवड्यात कोलकात्याला चाललाय ट्रेनिंगला. कोलकाता काय आणि आसाम काय, त्याच बाजूला."

त्याच बाजूला! बिचारी सहज बोलली. पण माझ्या डोक्यात डब्याचं झाकण तिथंच बंद झालं.

मी ह्यांना हाक मारली. ह्यांना सगळी आंबोली तात्या म्हणते. हयात गेली जमीन मोजण्यात, म्हणजे स्वतःची. बांध कुणी सरकवला, किती सरकवला, हे चालत जाऊन पावलांवर सांगतील. मोजणीचा सरकारी माणूस आला तरी त्याच्या साखळीला हे मागून धरून चालतात, विश्वास नाही म्हणून.

"अवो, कोलकात्यापासनं दिब्रुगड किती लांब हाय, तेवढं बगा."

"कशात बघू?"

"फळीवर."

हे ऐकायला विचित्र वाटेल, पण आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर भारत आहे. संकेत-पूजाच्या आधी वर एक परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा राहायचा, तो जाताना भिंतीवरचा मोठा नकाशा सोडून गेला. चांगला जाड, गुळगुळीत कागद! टाकवेना. मी तो बरण्यांच्या फळीवर अंथरला. लोणच्याची बरणी राजस्थानावर, हळदीचा डबा मध्य प्रदेशावर, आणि मिठाची बरणी, योग्य तिथंच, समुद्रात.

ह्यांनी पूर्वेच्या बरण्या खाली उतरवल्या. (मला उचलायला बंदी होती, म्हणून मी फक्त सूचना उचलत होते.) आधी पुणं सापडलं, मग मुंबई. ह्यांनी अंगठा टेकवला. "पुनं ते म्हमई, एक नख."

"आता कोलकाता बगा."

"ह्ये बग कोलकाता. आन् ह्ये वर कोपऱ्यात तुझं दिब्रुगड." अंगठा उठला, टेकला. उठला, टेकला. "दोन नखं! थोडं अदिक."

"म्हंजी दोन म्हमया?"

"दोनच. सकाळी न्ह्यारी करून निगाला तर दुपारच्याला पोचंल."

मी पण काळा चष्मा कपाळावर चढवून, चांगल्या डोळ्यानं खात्री करून घेतली. दोनच नखं. थोरलीच्या दोन शिकलेल्या पोरांचे आजीआजोबा, चष्मे तीन, डोळे सव्वातीन, आणि एकालाही दिसलं नाही की फळी नकाशापेक्षा आखूड होती! मीच तर बसत नाही म्हणून कागदाला चुणी घातली होती, साडीला घालतो तशी. आणि ती चुणी नेमकी कोलकाता आणि आसामच्या मधे होती. पण हे नंतर कळलं. आत्ता कळलं असतं तर हे लिहायला काय उरलं असतं?

संध्याकाळी संकेत दुचाकीवरून उतरतोय तोच मी गाठला.

"संकेत, तू कोलकात्याला चाललायस व्हय?"

"हो काकू."

"तितं रविवारी सुट्टी आसंल?"

"असेल ना. का हो?"

"मग जाता जाता शुभीकडं तेवढा डबा दे बाबा. दोनच नखं हाय."

"दोन काय?"

"दोन म्हमया," हे म्हणाले. "म्या सोता मोजलंय."

आता इथं कुणी आगाऊ पोरगा असता तर खिशातून मोबाईल काढून आमच्या तोंडावर किलोमीटर फेकले असते. पण संकेत पडला सभ्य! वडीलधारा माणूस ‘मी स्वतः मोजलंय’ म्हणतो, तेव्हा त्याच्यासमोर मोबाईल काढणं त्याला बरं वाटेना. "बघतो काकू, जमवतो," एवढंच म्हणाला.

जमवतो! मग काय विचारता? जवळच आहे म्हटल्यावर डबा वाढायला लागला. आंबेमोहर तर होताच, डिंकाचे लाडू झाले. (मी पाटावर बसून सांगितलं, पूजानं वळले. काही चेंडूसारखे, काही बटाट्यासारखे.) लाडू आहेत तर हळीव का नको? हळीव आहेत तर खोबरं? तुपाची बरणी, बाळाला झबली-टोपडी, आणि माझ्या दोन जुन्या लुगड्यांची गोधडी. संकेतची स्वतःची बॅग एवढीशी, आणि आमचा डबा म्हणजे पत्र्याचा चौकोनी, वर गोधडीचं गाठोडं! विमानतळावर वजन करताना त्याला आपले बूट-कपडे हातात धरावे लागले म्हणे, पण तक्रार नाही केली पोरानं.

इकडं मी शुभीला फोन केला. "रविवारी दुपारी संकेत येतोय जेवायला. जावईबापूंना सांग, कोंबडी आणून ठिवा."

शुभीनं फोन जावईबापूंच्याच हाती दिला. मग जावईबापूंचा आवाज, "आई, तो कोलकात्याला आहे ना?"

"व्हय, तितनंच येनार."

"रविवारी? आणि परत कधी जाणार?"

"संध्याकाळी."

"बरं, आई," जावईबापू म्हणाले.

बघा! दिब्रुगडात राहणारा माणूस, इंजिनिअर, आणि सासूला ‘हे शक्य नाही’ म्हणत नाही. त्यांना वाटलं, विमानानं येत असेल, मोठ्या कंपनीतला आहे. संकेतला वाटलं, तात्यांनी मोजलंय. तात्यांना वाटलं, नकाशा छापील आहे. सगळे इतके एकमेकांचा मान ठेवणारे की खरं बोलायला कुणी शिल्लकच राहिला नाही!

शनिवारी संध्याकाळी पूजा जिन्यावरून हळूहळू खाली आली. ती एरवी धडधडत येते. मी ओळखलं, काहीतरी आहे.

"काकू, रागावणार नाही ना?"

"काय झालं? डबा फुटला?"

"नाही. संकेत हॉटेलात विचारत होता, दिब्रुगडची गाडी कुठून मिळते. तर ते हसायलाच लागले. आगगाडीनं दीड-दोन दिवस लागतात म्हणे एका बाजूनं. विमानाची उद्याची तिकिटंही संपलीत, आणि त्याला तर एकच सुट्टी आहे. सोमवारी सकाळी परत ट्रेनिंग."

मी मटकन पाटावर बसले. हे मात्र ताडकन उठले. "आसं कसं? दोन नखं हाय!"

तिघांनी मिळून फळी रिकामी केली. लोणचं, हळद, मीठ, सगळं खाली. पूजानं नकाशा उचलला, झटकला आणि ओट्यावर पसरला. चुणी उघडली. आणि तिच्यातून, मी देवाशपथ सांगते, एक अख्खा देश बाहेर आला!

"हा बांगलादेश," पूजा म्हणाली.

"ह्यो कवा आला मधे?" हे म्हणाले.

"तात्या, तो होताच. काकूंनी दुमडला होता."

एवढा मोठा देश! त्यात किती माणसं, किती नद्या, किती संसार, आणि मी वर धण्याजिऱ्याची बरणी ठेवून मोकळी. पण ह्यांचा मोजणीवरचा विश्वास अजून ढळला नव्हता. त्यांनी पुन्हा अंगठा लावला. नखं वाढली, तरी हार नाही. "मग मधनं सरळ जाऊ दे की त्याला."

"मधून नाही जाता येत तात्या. दुसऱ्यांचा देश आहे."

"वहिवाट आसंल की!"

"पासपोर्ट लागतो, व्हिसा लागतो."

"म्हंजी भावकीवानीच हाय म्हन," हे एकदम समजूतदार झाले. आमच्या वरच्या खाचराला जायची वाट चुलतभावाच्या रानातून आहे. गेली कित्येक वर्षं हे बांधाला वळसा घालून जातात. "मग कसं जायाचं?"

पूजानं बोट फिरवलं. कोलकात्यावरून वर, सरळ वर, पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत. तिथं एक चिंचोळी पट्टी. तिच्यातून वळून मग पुन्हा उजवीकडं, उजवीकडं, आणखी उजवीकडं. अहो, हे तर मला जन्मापासून पाठ होतं! माझं माहेर मुळशी धरणाच्या काठचं. पलीकडच्या काठावर आत्याचं घर. आत्या अंगणात धुणं वाळत घालायची, ते आम्हाला दिसायचं. लुगडं कुठल्या रंगाचं तेसुद्धा! पण आत्याकडं जायचं म्हणजे सगळ्या पाण्याला वळसा. सकाळी निघालं की उन्हं डोक्यावर यायची. जी बाई लहानपणापासून ‘दिसतं जवळ, जायचं वळून’ हे पायांनी शिकली, तिनंच दुसऱ्याच्या लेकराला नखानं मोजून रस्ता दाखवला!

मी रडले हो. डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून सांगितलं होतं, तरी रडले. एका डोळ्यानं रडता येतं का, विचारू नका. शुभी उपाशी, बारसं तोंडावर, तिकडं जावयानं कोंबडी आणून ठेवलेली, आणि हे पोर परमुलखात माझी गोधडी घेऊन बसलंय!

मी संकेतला फोन लावायला सांगितला. "बाळा, चुकलं माझं. त्यो डबा तितंच कुनाला तरी देऊन टाक. तू खा लाडू. सगळ्यांनी खावा."

"काकू, थांबा जरा," तो म्हणाला. "मी काहीतरी करतो."

त्यानं काय केलं, ते सांगते. त्याच्या ट्रेनिंगमधे गुवाहाटीची एक मुलगी होती, मौसुमी. ती त्याच रात्रीच्या विमानानं घरी चालली होती, आजोबांना बरं नव्हतं म्हणून. संकेतनं आमची सगळी कथा तिला हिंदीत सांगितली, फळीसकट! ती हसून हसून वाकली, आणि मग म्हणाली, द्या तो डबा. गुवाहाटीहून दिब्रुगडलाही काही कमी अंतर नाही, पण तिच्या मामांच्या ओळखीचा एक जण रविवार रात्रीच्या बसवर कंडक्टर होता. मामांनी डबा बसच्या पोटात ठेवू दिला नाही म्हणे. ‘बच्चे का सामान है’ म्हणून कंडक्टरच्या सीटशेजारी ठेवला. गोधडी तर कंडक्टरानं पायावर घेतली, गारठा होता तिकडं.

आणि सोमवारी सकाळी तो कंडक्टर, ज्याचं नाव मला आजही सांगता येत नाही (दोनदा विचारलं, दोनदा विसरले), बस लावून, रिक्षा करून शुभीच्या दारात गेला. आणि ऐका, मौसुमीनं त्याला निरोप दिला होता, पुण्याच्या आजींची अट आहे, नुसता डबा द्यायचा नाही, तोंड बघून सांगायचं! त्यानं तिथूनच मला फोन लावून दिला.

"माताजी, सामान पहुँच गया."

"बेटा, शुभी कैसी है? वाळली है क्या?" (माझं हिंदी हे असं आहे. चालतं.)

तो जरा गोंधळला. मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "दीदी एकदम अच्छा है, माताजी. थोड़ा मोटा ही है."

मी धन्य झाले. कोण कुठला माणूस! ना नात्याचा ना गोत्याचा, रात्रभर जागा राहिलेला, घरी जायचं सोडून माझ्या लेकीचं तोंड बघायला गेला. मौसुमीला आमची ना ओळख ना देख. आणि संकेत, ज्यानं एकदाही म्हटलं नाही की काकू, हे काय करून ठेवलंत! मी देवापुढं तिघांच्या नावानं साखर ठेवली. कंडक्टराचं नाव आठवेना, म्हणून देवाला म्हटलं, तो बसवाला, तू ओळख.

मग देवाला वाहायला कोयरीतलं कुंकू काढायला बसले आणि हात थांबला. अरे, पण मोटा कशी? आठ दिवस पोरीच्या घशाखाली घास नाही, डबा अजून उघडला नाही, आणि भरली कशानं?

ह्याचं उत्तर दोन महिन्यांनी मिळालं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली आणि शुभी, जावईबापू, नात, तिघंही आंबोलीला आले. विमानानं, मी अंतर विचारलं नाही. नात माझ्या मांडीवर आणि घर पाहुण्यांनी भरलेलं. मी मोठ्या पातेल्यात पेज टाकली, आता दोन्ही डोळ्यांनी बघत. घरभर वास! संकेत-पूजा वरून खाली आले वासानं. मी वाटी भरून संकेतच्या हातात दिली, पहिली त्याची.

"खा बाळा. ह्या चवीसाठी तुला एवढं पळवलं. आरं, मानूस कुटं बी जाऊ दे, ह्यो वास सगळ्या देशात कुटं घावनार न्हाई. आमच्या खाचरातलं पानीच वेगळं! व्हय का न्हाई गं शुभे?"

शुभी पदरात तोंड लपवून हसत होती.

"काय झालं?"

"आई, रागावू नकोस. हा तांदूळ आपला नाहीये."

"म्हंजी?"

"तू ती दारामागची पिशवी उघडलीस ना? ती मी आणलीय. तिकडच्या शेजारच्या मावशींनी दिलेली, त्यांच्या शेतातला जोहा तांदूळ. तुझ्यापाशी मी रडले ना, त्याच संध्याकाळी त्या माझ्यासाठी ह्याची पेज घेऊन आल्या. मग रोजच आणायच्या. अगदी आपल्यासारखाच वास. तू इतकी डब्यात गुंतली होतीस, मग म्हटलं कशाला सांगायचं."

म्हणजे मी फळी रिकामी केली, एक देश दुमडला, संकेत, मौसुमी, मामा, बस, रिक्षा, सगळ्या पूर्व भारताला कामाला लावलं, ते शुभीच्या भिंतीपलीकडं चुलीवर शिजत असलेली वस्तू पोचवायला! ती माउली मला कधी भेटली नाही. माझ्या लेकीला तिनं रोज भरवलं, आणि मला इथं बसून वाटत होतं की माझ्याशिवाय पोर उपाशी आहे. माझे डोळे भरून आले, आणि आता रडायला डॉक्टरांची बंदीही नव्हती.

ह्यांनी वाटी पुढं केली. "वाढ. तुझ्या खाचरातलं पानी लई ग्वाड हाय!"

सगळे खो खो हसले. संकेतला तर ठसका लागला. मी तोंड उघडलंच नाही. म्हणजे उघडलं, पण फक्त घास घालायला. आणि खोटं कशाला बोलू, दुसऱ्यांदा वाढून घेतली!